बियाण्याची कणगी

आपल्याकडच्या जुन्या शेतकरी घरांत धान्याच्या दोन कणग्या वेगळ्या ठेवण्याची रीत होती; एक खाण्याच्या धान्याची, दुसरी बियाण्याची. पावसाळ्याच्या तोंडावर पहिली रिकामी झाली, तरी दुसरीला हात लावायचा नाही, असा घरचा दंडक असे. उसनवारी करावी, अर्धपोटी राहावे, पण बियाणे खाऊ नये. कारण जो बियाणे खातो तो पुढच्या वर्षीचे शेतच खातो, हे निरक्षर गृहिणीलाही पक्के ठाऊक होते. आणि तरीही, दुष्काळ इतका टोकाला गेला की तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतले, तर त्याच गृहिणीने बियाण्याची कणगी फोडली म्हणून तिला कोणी नावे ठेवीत नसे. दंडकही खरा होता आणि त्याचा अपवादही खरा होता.

राष्ट्राच्या अर्थकारणात हाच प्रश्न मोठ्या आकाराने उभा राहतो. सरकारपुढे, नियोजनकारांपुढे आणि अखेरीस आपल्यासारख्या मतदारांपुढे दोन प्रकारचे हिशेब मांडले जातात. अल्पकालीन हिशेब विचारतो: यंदा महागाई किती, रोजगार किती, चूल पेटते की नाही? दीर्घकालीन हिशेब विचारतो: तीस वर्षांनी जमीन कशी असेल, विहिरीचे पाणी किती खोल गेले असेल, आज काढलेले कर्ज कोणाच्या माथी असेल? सर्वसाधारण समजूत अशी की, पहिला हिशेब निवडणुकीवर डोळा ठेवणाऱ्यांचा, म्हणून स्वार्थी. आणि दुसरा विचारवंतांचा, म्हणून नीतिमान. ही विभागणी सोयीची असली तरी ती खरी नाही, असे मला वाटते. दूरचे पाहणारा माणूस निर्दय असू शकतो आणि जवळचे पाहणारा न्यायी असू शकतो. मग न्यायाची कसोटी कोणती? काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे ती शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

वादळ आणि शांत समुद्र

ह्या विषयाची चर्चा निघाली की जॉन मेनार्ड केन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे नाव हमखास घेतले जाते. १९२३ साली चलनसुधारणेवर लिहिलेल्या ग्रंथात, दीर्घकाळाचा हवाला देणाऱ्यांना त्याने माणसाच्या मर्त्यपणाची आठवण करून दिली. त्याचे ते एक वाक्य संदर्भापासून तुटले आणि जगभर फिरले. 'उद्याची चिंता सोडा, आज उधळा' असा त्याचा अर्थ लावण्यात आला. परंतु केन्सचा रोख वेगळाच होता. चलनाचा पुरवठा वाढला तर कालांतराने किमती तितक्याच वाढतात आणि सारे पुन्हा जागेवर येते, असे सांगून काही पंडित स्वस्थ बसत. मधल्या काळात जे बेकार होतात, ज्यांची शिल्लक मातीमोल होते, त्यांचे काय, असा केन्सचा सवाल होता. वादळात सापडलेल्या नाखव्याला, वादळ सरल्यावर समुद्र शांत होतो एवढेच सांगणारे शास्त्र त्याला कुचकामी वाटत होते.

ह्या सवालाचा प्रत्यय लवकरच आला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध व्यवहारात तोडला होता. युद्ध संपल्यावर तो जुन्याच भावाने, म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर ह्या दराने, पुन्हा जोडावा, असे बँकर व अर्थखात्याचे अधिकारी यांचे मत पडले. राष्ट्राची पत टिकली तर दीर्घकाळात सर्वांचेच भले होईल, हा त्यांचा युक्तिवाद. १९२५ साली अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल ह्यांनी तो निर्णय घेतला. युद्धामुळे ब्रिटनमधील किमती चढल्या होत्या आणि जुन्या दराने पौंड सुमारे दहा टक्के महाग ठरत होता. साहजिकच ब्रिटिश कोळसा परदेशी गिऱ्हाइकांना महाग पडू लागला. ही दहा टक्क्यांची तफावत भरून काढायची कोणी? खाणमालकांनी मजुरांना सांगितले: पगार कमी घ्या आणि तास जास्त भरा. मे १९२६ मध्ये देशभर सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मागे घेण्यात आला, पण खाणकामगार नोव्हेंबरपर्यंत टाळेबंदीत उपाशी झुंजत राहिले आणि शेवटी कमी पगारावर, जास्त तासांसाठी, पुन्हा खाणीत उतरले. आणि ज्या दीर्घकालीन स्थैर्यासाठी हे सारे घडले, त्याचे काय झाले? सप्टेंबर १९३१ मध्ये, म्हणजे अवघ्या सहा वर्षांनी, ब्रिटनला सुवर्णमान सोडून द्यावे लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांनी धीर धरण्याचा उपदेश केला, त्यांच्यापैकी कोणाच्या घरी भाकर कमी झाली नाही. आणि ज्यांच्या घरी ती कमी झाली, त्यांना कोणी विचारले नव्हते. दूरदृष्टीचे श्रेय एकाकडे आणि तिची किंमत दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती.

ह्याहून कितीतरी भयानक उदाहरण त्यानंतर थोड्याच वर्षांत सोव्हिएत रशियात घडले. १९२८ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. एका पिढीने त्याग करावा म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी पोलादाचे, यंत्रांचे, समृद्धीचे राष्ट्र उभे राहील, असे स्वप्न दाखवण्यात आले. यंत्रसामग्री विकत घेण्यासाठी परकीय चलन हवे होते आणि ते धान्य विकून मिळवायचे होते. शेतकऱ्यांच्या घरांतून धान्य सक्तीने उचलण्यात आले. अनेक ठिकाणी बियाण्यालाही सोडले नाही. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये व अन्य प्रदेशांत लाखो माणसे भुकेने मेली आणि त्याच काळात धान्याची निर्यात चालूच होती. उद्याच्या माणसाच्या नावाने आजच्या माणसाचा बळी दिला गेला. भविष्याचीही मूर्ती करून तिच्यापुढे नरबळी देता येतो, हे विसाव्या शतकाने आपल्याला शिकवले.

एक बेट आणि एक देश

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. प्रशांत महासागरात नाउरू नावाचे एक चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. त्याच्या पोटात उत्तम प्रतीचे फॉस्फेट होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ते खणले जाऊ लागले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटन ह्या सत्तांच्या अमलाखाली कित्येक दशके स्वस्त दराने त्यांच्या शेतांवर खत म्हणून गेले. १९६८ साली नाउरू स्वतंत्र झाले आणि खाणींचे उत्पन्न त्याच्या हाती आले. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत ह्या बेटाची गणना जगातील अत्यंत श्रीमंत देशांत होऊ लागली. फॉस्फेट एक दिवस संपणार, हे तेथील नेत्यांना माहीत नव्हते असे नाही. त्यासाठी विश्वस्त निधीही स्थापन केलेले होते. पण निधीवर अंकुश नव्हता. मेलबर्न शहरात बावन्न मजल्यांची इमारत उठली, स्वतःची विमान कंपनी आली, १९९३ साली लंडनच्या रंगभूमीवरील एका संगीतिकेत पैसा घातला गेला आणि ती थोड्याच दिवसांत बंद पडली. वर्षाचा खर्च भागेना तेव्हा निधी तारण ठेवून कर्ज काढले गेले. शतक संपता संपता फॉस्फेटही जवळजवळ संपले. २००४ साली ती इमारत विकावी लागली, २००५ साली शेवटचे विमानही धनकोंनी ताब्यात घेतले. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग आज खणून काढलेला, टोकदार चुनखडीच्या सुळक्यांचा, नापीक प्रदेश आहे. २००१ साली ऑस्ट्रेलियाने आपल्या किनाऱ्यावर नको असलेल्या आश्रयार्थींना ठेवण्यासाठी जागा शोधली, तेव्हा पैशाच्या मोबदल्यात ती देण्याची पाळी नाउरूवर आली.

नाउरूच्या लोकांना दोष देणे सोपे आहे. पण तो पुरता न्याय्य नाही. त्यांच्या हाती कारभार आला तेव्हा बेटाचा मोठा भाग आधीच खणून झालेला होता. ह्या नुकसानीबद्दल नाउरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि १९९३ साली ऑस्ट्रेलियाने तडजोडीत दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक भरपाई मान्य केली. इतरांनी दोन पिढ्या त्यांचे बियाणे खाल्ले आणि उरलेले त्यांनी स्वतः खाल्ले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

ह्याच्या उलट नॉर्वेचे उदाहरण. १९६९ साली नॉर्वेच्या समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला. आरंभी त्या देशानेही हात सैल सोडला. १९८६ साली तेलाच्या किमती कोसळल्या तेव्हा त्याला चांगलाच चटका बसला. त्यातून धडा घेऊन १९९० साली संसदेने तेलनिधीचा कायदा केला आणि १९९६ साली त्यात पहिली रक्कम जमा झाली. २००१ साली नियम ठरला तो असा: मूळ भांडवलाला हात लावायचा नाही, त्यावर जेवढा खरा परतावा अपेक्षित आहे, तेवढाच सरकारने अर्थसंकल्पात वापरायचा. हे प्रमाण प्रथम चार टक्के होते. २०१७ साली ते तीन टक्क्यांवर आणण्यात आले. सुमारे पंचावन्न लाख लोकसंख्येच्या ह्या देशाचा निधी आज जगातील अशा प्रकारच्या निधींत सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. तेल ही आपली कमाई नव्हे, ती आपल्याकडे आलेली ठेव आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्या गावांतही ज्यांनी वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशाला उत्पन्न समजून खर्च केला आणि ज्यांनी त्याला मालमत्तेचे बदललेले रूप समजून जपले, अशा दोन घरांतील फरक वीस वर्षांनी उंबरठ्यावरूनच ओळखू येतो.

मात्र नॉर्वेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. त्या देशाने आपल्या आजच्या गरिबांना उपाशी ठेवून ही कणगी भरली नाही. आजारी माणसाचा औषधोपचार, म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन, मुलाचे शिक्षण ह्यांची तरतूद करून ती भरली. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला उद्याचा विचार सुचतो. उपाशी माणसाला तो का सुचत नाही, असे विचारणे क्रूरपणाचे आहे.

वटावाचे गणित

अर्थशास्त्रज्ञ आज आणि उद्या ह्यांची तुलना एका साधनाने करतात. व्यापाऱ्याकडे मुदतीची हुंडी आधी वटवायला नेली तर तो वटाव कापून रक्कम देतो. तसेच भविष्यातील लाभ-हानीवर दरसाल काही टक्के वटाव कापून तिची आजची किंमत काढली जाते. धरण बांधावे की नाही, जंगल राखावे की तोडावे, हे निर्णय बऱ्याचदा ह्या गणितावर ठरतात. गणित निरुपद्रवी दिसते; पण त्यात केवढा नैतिक निर्णय दडलेला असतो पाहा. शंभर वर्षांनंतर होणारे १०० रुपयांचे नुकसान दरसाल पाच टक्के वटावाने आज मोजले, तर ते भरते सुमारे पाऊण रुपया. तेच १.४ टक्क्यांनी मोजले तर भरते सुमारे पंचवीस रुपये. २००६ साली ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न ह्यांनी हवामानबदलाचा जो अहवाल सादर केला, त्यात १.४ टक्क्यांच्या आसपासचा दर धरला होता आणि म्हणूनच, आजच मोठा खर्च करून पृथ्वी वाचवा, असा निष्कर्ष निघाला. इतरांनी अधिक दर धरला आणि सावकाश चला, असे सांगितले. पुढची सारी आकडेमोड बाजूला ठेवली, तर त्यांच्यातील मुख्य मतभेद एवढाच होता की आपल्या पणतवंडाचे अश्रू आपण किती टक्क्यांनी कापून मोजायचे.

केन्सचा तरुण मित्र, केंब्रिजचा गणिती फ्रँक रॅम्से, सव्विसाव्या वर्षी वारला. पण १९२८ साली त्याने बचतीच्या गणितावर लिहिलेला निबंध आजही अभ्यासला जातो. एखादे सुख केवळ उशिरा येणार म्हणून त्याला कमी लेखणे नीतीच्या दृष्टीने समर्थनीय नाही, आपल्या कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून ते घडते, असे त्याचे मत होते. मला हे मत बरोबर वाटते. काळाचे अंतर हे स्थळाच्या अंतरासारखेच आहे. दूरच्या देशातील उपाशी मूल केवळ दूर आहे म्हणून त्याची भूक कमी होत नाही. तसेच अद्याप न जन्मलेल्या मुलाची तहान केवळ उद्याची आहे म्हणून कमी खरी ठरत नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पिढ्यापिढ्यांतील न्यायाचा जो आग्रह धरला, तो ह्याच अर्थाने.

परंतु रॅम्सेच्या गणितालाही एक अडचण आहे. उद्याची माणसे असंख्य आणि आजची मोजकी. दोघांना सारखेच मोजले तर आजच्या माणसाने जवळजवळ सारे काही साठवून ठेवावे, असे उत्तर येऊ लागते. खुद्द रॅम्सेच्या उदाहरणातही बचतीचे प्रमाण कोणत्याही देशाला न पेलवण्याइतके मोठे निघाले. म्हणजे नुसत्या काळाच्या मोजमापाने प्रश्न सुटत नाही. आणखी काहीतरी विचारावे लागते.

गोव्यातील लोहखनिज

हे 'आणखी काहीतरी' कोणते, हे समजण्यासाठी आपल्या जवळचेच एक उदाहरण घेऊ. गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे ह्या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी आहेत. पोर्तुगीज अमलात दिलेले खाणपट्टे मुक्तीनंतरही चालू राहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि पूर्वी टाकाऊ समजले जाणारे हलक्या प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ साली निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. खाणीपासून नदीपर्यंत ट्रकांच्या रांगा आणि मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जेस, असे ते दृश्य होते. शेतकऱ्यांनी शेती सोडून कर्जाने ट्रक घेतले. ओढ्यांत गाळ साचला, शेतांत लाल माती वाहून आली, झरे आटले. २०१२ साली न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल देताना न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील दहा टक्के वाटा भावी पिढ्यांसाठी एका कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि खाणी पुन्हा बंद झाल्या. २०२२ च्या अखेरीस नव्याने लिलाव सुरू झाले.

खनिज संपणारे आहे आणि ते सर्व पिढ्यांचे आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले, ह्याचे स्वागतच केले पाहिजे. पण खाणी बंद पडल्या त्या दिवशी डिचोलीतील ज्या ट्रकवाल्याच्या दारी बँकेचा माणूस हप्त्यासाठी उभा राहिला, त्याचा विचार केल्याशिवाय आपले स्वागत प्रामाणिक ठरणार नाही. तेजीच्या वर्षांत नफ्याचा मोठा वाटा मोजक्या घराण्यांकडे व कंपन्यांकडे गेला. गावाच्या वाट्याला धूळ, गाळ आणि मजुरी आली. मग पर्यावरणाचा, भावी पिढ्यांचा, दीर्घकाळाचा विचार जागा झाला; आणि त्याची पहिली किंमत कोणी मोजली? ज्याच्याकडे कर्जाचा ट्रक होता आणि शेत पडीक होते, त्याने. तेजीत अल्पकालाचा लाभ एकाला आणि मंदीत दीर्घकालाचा भार दुसऱ्याला, हीच ती ब्रिटनच्या खाणकामगारांची कहाणी, वेगळ्या रंगाच्या मातीत.

म्हणून माझ्या मते खरी कसोटी काळाची नाही, ती माणसांची आहे. कोणतेही धोरण आपल्यासमोर आले की, ते किती दूरचे पाहते हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, ह्याची किंमत कोण मोजतो आणि त्याला त्यात मत आहे काय? ज्या अल्पकालीन धोरणाची किंमत अद्याप न जन्मलेली, मताधिकार नसलेली मुले मोजणार आहेत, ते अन्यायाचे. आणि ज्या दीर्घकालीन धोरणाची किंमत आवाज नसलेला आजचा गरीब मोजतो, तेही तितकेच अन्यायाचे. गरीब आणि न जन्मलेले मूल ह्या दोघांत एक साम्य आहे: ज्या खोलीत निर्णय होतात, तेथे दोघांनाही खुर्ची नसते.

योसेफाची कोठारे

ह्या दृष्टीने उत्पत्तीच्या ग्रंथातील योसेफाची कथा पुन्हा वाचण्यासारखी आहे. सात सुबत्तेच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवावा आणि सात दुष्काळी वर्षांत तो काढावा, ही त्याची योजना आपण लहानपणापासून ऐकतो आणि दूरदृष्टीचा नमुना म्हणून मुलांना सांगतो. ते योग्यच आहे. त्या कोठारांनी इजिप्तचे व शेजारच्या देशांचे प्राण वाचवले. पण ग्रंथकार कथा तेथेच थांबवीत नाही. सत्तेचाळिसाव्या अध्यायात तो पुढचे सांगतो. दुष्काळ लांबला तेव्हा लोकांनी धान्यासाठी आधी आपला पैसा दिला, मग गुरेढोरे दिली, मग जमीन दिली आणि शेवटी स्वतःला फारोचे दास म्हणून दिले. ज्या धान्यासाठी त्यांनी हे दिले, ते त्यांच्याच शेतांत पिकलेले होते. याजकांच्या जमिनी मात्र विकत घेतल्या गेल्या नाहीत, असेही तेथे नमूद आहे. मी स्वतः याजक असल्यामुळे ह्या वाक्यापाशी मला दर वेळी थबकावे लागते. साठवणे शहाणपणाचे होते. पण कोठाराची किल्ली एकट्या फारोच्या हाती होती. दूरदृष्टीने जीव वाचले आणि त्याच दूरदृष्टीने स्वातंत्र्य गेले.

दोन्ही कणग्या एकाच हाताने

मग आज आणि उद्या ह्यांचा मेळ घालणारे, आणि किंमत योग्य माणसाकडून घेणारे असे धोरण कधी घडलेच नाही काय? घडले आहे, आणि ते आपल्याच राज्यात. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतकरी व शेतमजूर दुष्काळी कामांवर राबले. त्याआधी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे वि. स. पागे ह्यांच्या प्रेरणेने एक छोटा प्रयोग झाला होता. त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागात जो प्रौढ अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते देण्याची हमी सरकारने घेतली. आजची मजुरी आज मिळत होती. आणि त्या मजुरीतून पाझर तलाव, नालाबांध, विहिरी उभ्या राहत होत्या. १९९० नंतर तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली: खड्डा खणण्याची मजुरी आठवड्याच्या बाजारासाठी, आणि आंब्याचे, काजूचे, डाळिंबाचे फळ काही वर्षांनंतरसाठी.

तिचा पैसा कोठून आला, हे तर अधिकच बोलके आहे. १९७५ साली नोकरदार, व्यापारी व व्यावसायिक ह्यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला, तो मुख्यतः ह्या योजनेसाठी. मुंबईत पगार घेणाऱ्याच्या वेतनपत्रकावरील ती लहानशी कपात मराठवाड्यातल्या बाईच्या डोक्यावरील पाटीपर्यंत पोहोचत होती. योजनेत दोष होते, ह्यात शंका नाही. कित्येक कामे अर्धवट राहिली, कित्येक ठिकाणी फोडलेली खडी तशीच पडून राहिली, हजेरीपटांत खोटी नावे शिरली. पण तिची मूळ कल्पना सरळ होती: ज्याला झळ कमी, त्याने भार अधिक उचलावा; भुकेल्याला आज भाकर मिळावी; आणि ती मिळवतानाच उद्याचे पाणी अडवले जावे. २००५ साली देशाने राष्ट्रीय कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राच्या ह्या अनुभवाची पुण्याई होती.

ह्याच कसोटीवर आपण इतर धोरणेही घासून पाहू शकतो. २००८ साली केंद्राने आणि २०१७ व २०१९ साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांना कर्जमाफी दिली. गळ्याशी आलेल्या शेतकऱ्याचे कर्ज फेडणे म्हणजे तान्ह्या मुलासाठी बियाण्याची कणगी फोडणे होय. त्याला अविचार म्हणण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. पण कणगी फोडल्यावर ती पुन्हा भरायची कशी, ह्याची तजवीज झाली नाही, पाणी, गोदाम, रास्त भाव ह्यांची सोय झाली नाही, म्हणजे दहा वर्षांनी तोच शेतकरी त्याच दारात उभा राहतो. त्याला आज वाचवून उद्या पुन्हा बुडू देणे ही करुणा अर्धीच म्हणावी लागेल.

वाचकहो, धोरणे मुंबईत आणि दिल्लीत ठरतात, आपण त्यात काय करणार, असे म्हणून हा विषय मिटवणे सोपे आहे. पण धोरण ठरवणारे आपल्याच मनाचा कानोसा घेत असतात. आपण मत देताना फक्त 'मला काय मिळणार' एवढेच विचारले, तर ते आपल्याला आपल्याच नातवंडांचे बियाणे वाढून देतील आणि आपण आनंदाने जेवू. आणि आपण भरल्या ताटावर बसून, गरिबांना सवलती नकोत, देशाचे दीर्घकालीन नुकसान होते, असे म्हणू लागलो, तर ते गरिबाची भाकर काढून घेतील आणि आपण त्याला शिस्त म्हणू. दोन्ही वेळा जेवणारे आपण आणि उपाशी राहणारा दुसरा, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जुन्या घरात बियाण्याची कणगी फोडायची की नाही, हे ठरवणारी गृहिणी सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवत असे. त्यामुळे तिच्या निर्णयाविषयी घरात कोणाला शंका येत नसे. उद्यासाठी आज त्याग करा, असे जो कोणी आपल्याला सांगतो, त्याच्या ताटात काय आहे ते आधी पाहावे. आणि आपण स्वतः ते इतरांना सांगू लागलो, तर आपल्या ताटाकडेही एकवार पाहून घ्यावे.